क्लचच्या दांडींतील मोकळीक

तानसा तलावाचें नांव मुंबईकरांस नवें नाहीं. १८९२ सालीं बांधून पुरा झालेला हा तलाव शहापूर तालुक्यांतील रानांत असून त्याचें पाणी आजहि मुंबईस पोंचतें. पावसाळा सुरू झाला कीं शहरांतील तरुण मंडळी मोटारसायकली घेऊन आटगांवच्या वाटेनें इकडे येऊं लागतात. आम्हां तालुक्यांतील लोकांस मात्र मोटारसायकल ही केवळ मौजेची वस्तु नव्हे. दूध, भाजी, शाळेचे मास्तर आणि अपरात्रीं दवाखान्यांत न्यावयाचा रोगी, या सर्वांचें तेंच वाहन. म्हणून तिच्या एका लहानशा अवयवाकडे, म्हणजे डाव्या मुठीपुढील क्लचच्या दांडीकडे, आज आपलें लक्ष वेधावें असें मीं योजिलें आहे.

एंजिन अखंड फिरत असतें. चाकास मात्र कधीं थांबावयाचें असतें, कधीं गिअर बदलावयाचा असतो. या दोहोंमधील संबंध जोडणें व तोडणें हें क्लचचें काम. सामान्य मोटारसायकलींत घर्षणाच्या व पोलादी अशा गोल प्लेटा एकीआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगांच्या दाबानें त्या एकमेकींस घट्ट धरून राहतात. आपण दांडी ओढली म्हणजे तार ताणली जाते, स्प्रिंगा दबतात आणि प्लेटा सुटतात.

परंतु दांडीस हात लागतांच तार ताणली जातां कामा नये. टोंकाशीं सुमारें १० ते २० मिलिमीटर दांडी रिकामी हलली पाहिजे. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. या मोकळिकीस कारागीर ‘प्ले’ म्हणतात. ती नाहींशी झाली तर दांडी सोडल्यावरहि स्प्रिंगांचा दाब पुरा बसत नाहीं. प्लेटा घसरतात, तापतात व जळतात. कसारा किंवा माळशेज घाट चढतांना एंजिनाचा आवाज वाढावा, गाडी मात्र मंदावावी आणि पाठीशीं मालमोटार असावी, हा प्रसंग किती बिकट तें सांगावयास नको. उलट मोकळीक फार झाली तर दांडी मुठीस टेकली तरी प्लेटा पुऱ्या सुटत नाहींत. गिअर कुरकुरतो, आणि फाटकाशीं उभी असलेली गाडी एकाएकीं पुढें झेपावते.

विशेष हें कीं ही मोकळीक दोन्ही अंगांनीं बदलते. वापरानें तार लांबते तेव्हां ती वाढते. प्लेटा झिजतात तेव्हां ती बहुधा घटते. म्हणून ‘गेल्या वर्षींच बसवून घेतली’ हें उत्तर पुरेसें नाहीं. महिन्यांतून एकदां तरी बोटानें पाहावें.

यास पांच मिनिटें पुरतात. एंजिन बंद व थंड असावें. दांडीजवळील रबराची टोपी मागें सारून लहान नट सैल करावा आणि तारेच्या तोंडाशीं असलेला ॲडजस्टर फिरवावा. तो आंत नेल्यास मोकळीक वाढते, बाहेर काढल्यास घटते. तो फारच बाहेर आला असेल तर पुढील दुरुस्ती एंजिनाकडील टोंकाच्या नटांनीं करावी. नंतर नट आवळून हँडल दोन्ही बाजूंस पुरतें वळवावें व मोकळीक टिकते कीं नाहीं तें पाहावें. ॲडजस्टरास व नटास खांच असल्यास त्या एका रेषेंत राहूं देऊं नयेत. तेथून तार निसटते, आणि खांच वर असल्यास पाऊसहि आंत शिरतो. तारेचे धागे तुटूं लागले असतील तर मात्र नटाचा उपाय नाहीं. तार बदललीच पाहिजे.

कित्येकांना दांडीवर दोन बोटें सतत टेकवून ठेवण्याची संवय असते. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं उत्तम बसविलेला क्लचहि बोटांच्या त्या भारानें लवकर झिजतो.

पावसापूर्वीं घराचीं कौलें चाळावयाचीं हा आमच्याकडील जुना रिवाज. घरांत मोटारसायकल असेल तर त्या कामांच्या यादींत ही तारहि घालावी. आणि चिरंजीवांच्या हातीं सहलीसाठीं गाडीची किल्ली देतांना, पैसे घेतलेस का, हें विचाराल त्याच वेळीं दांडी तपासलीस का, हेंहि अवश्य विचारावें. रानांतल्या वाटेवर कारागीर हांकेच्या अंतरावर नसतो.