ओठांची प्रार्थना व अंतःकरणाची उपासना
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी मिस्सेनंतर केलेलें भाषण)



आज वेदीवर झेंडूचीं फुलें शोभत आहेत आणि दूरदूरच्या खेड्यांतून आपण सर्व येथें जमलां आहां. १९५५ सालीं अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांतील ह्या बुलढाणा जिल्ह्यांत आपण ख्रिस्ती लोक संख्येनें मूठभर आहों. तरी परमेश्वरानें पंचवीस वर्षें हें लहानसें मंदिर नांदतें ठेविलें, याबद्दल त्याचे उपकार मानावे तितके थोडेच. परंतु ह्या आनंदाच्या प्रसंगीं एक प्रश्न आपणांस, आणि त्याआधीं आम्हांस स्वतःला, विचारणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. येथें इतकीं वर्षें जी उपासना झाली, तींत आपलें अंतःकरण किती होतें?

हा प्रश्न मराठी भाषेंत नवा नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. तेथील नवख्रिस्ती लोकांस प्रार्थना पाठ येत, पण जुनीं पुराणें सुटल्यावर मनास रिझवील व भक्तीस जागें ठेवील असें त्यांच्याजवळ कांहीं उरलें नव्हतें. ही उणीव ओळखून स्टीफन्स ह्यांनीं मराठी ओवींत ख्रिस्तपुराण रचिलें. सुमारें ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें छापला गेला व मंदिरांतून गाइला जाऊं लागला. पुढें १६८४ सालीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम व्हाइसरॉयनें काढला. तरीहि हातानें नकला करून लोकांनीं हें पुराण जतन केलें, आणि १९०७ सालीं तें मंगळुरास पुनः छापलें गेलें. जें अंतःकरणांत उतरलें, तें हुकुमानें निघत नाहीं.

मिस्सा मात्र लॅटिन भाषेंतच होत राहिली. आमच्या आजीस त्या भाषेंतला एक शब्दहि कळत नसे. परंतु घंटा वाजतांच तिचें मस्तक लवे व डोळे भरून येत, असें आमचे वडील सांगत. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचा लेख प्रसिद्ध केला आणि मातृभाषेस वेदीपाशीं येण्याची वाट मोकळी झाली. आतां प्रत्येक शब्द आपणांस कळतो. पण शब्द कळला म्हणजे मन हजर झालें, असें नाहीं.

आमचीच गोष्ट सांगतों. सेमिनरींत आम्हांस उपासनेचें शास्त्र व वेदीवरील प्रत्येक हालचाल कसून शिकविली गेली. पुढें एका उन्हाळ्यांत एकाच सकाळीं दोन खेड्यांत मिस्सा करावयाच्या होत्या. म्हणून आम्हीं पहिली घाईघाईनें उरकली. वेदीवस्त्रें उतरवीत असतां एक म्हातारी जवळ आली. कापूस वेचून पोट भरणारी ती बाई हळूच म्हणाली, “फादर, आज तुमी देवासंग बोललेच नाई, निस्तं वाचलं.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सेमिनरीच्या इतक्या वर्षांत जें आमच्या मनावर ठसलें नव्हतें, तें तिच्या एका वाक्यानें ठसलें.

पण डोळ्यांत पाणी आलें म्हणजे उपासना हृदयाची झाली काय? तेवढ्यानें भागत नाहीं. भावाचें मन आपणाविषयीं दुखावलेलें असेल, तर अर्पण वेदीपुढेंच ठेवून आधीं समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. ह्याच धर्मग्रामांतील दोन सख्खे भाऊ धुऱ्याच्या वादावरून कित्येक वर्षें एकमेकांशीं बोलत नसत. त्यांच्या अनुमतीनेंच हें सांगत आहों. दर रविवारीं एक डावीकडे बसे, दुसरा उजवीकडे. दोघेहि खणखणीत आवाजानें गात. एका उपवासकाळांत थोरला आपण होऊन धाकट्याच्या घरीं गेला. शेताची मोजणी अजून व्हावयाची आहे. पण त्यानंतरच्या रविवारीं दोघे एकाच बांकावर बसले. कंठ दाटल्यामुळें कोणाचाच आवाज नीट निघाला नाहीं. ह्या मंदिरांत आम्हीं ऐकिलेलें सर्वांत उत्तम गायन तेंच होय.

आपले शेजारी शेगांवाहून पंढरपुरापर्यंत पालखीबरोबर पायीं जातात, आणि आपणांस तासाभराची मिस्सा लांब वाटते! त्यांची निष्ठा पाहून आपण खालीं मान घालावी आणि तिजपासून शिकावें.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें तीन गोष्टी करूं. मिस्सेस थोडे आधीं येऊन स्तब्ध बसूं. घरीं मुलाबाळांसह एक तरी प्रार्थना घाई न करितां म्हणूं. आणि ज्याच्याशीं अबोला आहे, त्याच्या दाराशीं पुढील रविवारच्या आंत जाऊं. ह्यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. तीच आधीं करावी.

भिंतींचा रंग दोन पावसाळ्यांत उडेल. प्रभु येशूनें आपल्या अंतःकरणांत घर करावें व तें अक्षय राहावें, हीच पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें आमची प्रार्थना. आमेन.