पडदा काळा होतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाला हे काय सुचलं? पण आपल्या सातारा-सांगली भागात आता कॉम्प्युटरवाचून कुणाचं चालतं? डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका त्याच्यावर होते, सातबारा त्याच्यातून निघतो आणि आमच्यासारखे लोक कविताही त्याच्यावरच टाइप करतात. अशात एखादे दिवशी काम रंगात आलेलं असताना पडदा थिजतो, मग काळा होतो. दुरुस्तीवाला येतो, मशीनकडे बघतो आणि सांगून टाकतो, "फॉरमॅट मारावा लागेल." या तीन शब्दांपायी किती घरांतले हिशेब, फोटो आणि लेखन गेलं असेल, देव जाणे. म्हणून पडदा काळा होतो म्हणजे काय होतं आणि तो परत कसा येतो, याविषयी चार गोष्टी सांगतो.

पडद्यावर चित्र काढायचं काम एक वेगळी चिप करते. तिला ग्राफिक्स चिप म्हणतात. ती नुसती हमाल नाही. तिच्या पोटात कंपनीने भरलेले छोटे प्रोग्रॅमही चालू असतात. त्यांना फर्मवेअर म्हणायचं. कॉम्प्युटर आणि ही चिप यांच्यामध्ये जो दुभाषा बसतो, तो ड्रायव्हर. दुभाषाने निरोप दिला आणि आतून उत्तरच आलं नाही, की आपल्यासमोरचा पडदा थिजतो.

अशा वेळी ड्रायव्हर हातावर हात ठेवून बसत नाही. त्याच्याजवळ घड्याळ असतं. विंडोजमध्ये व्हिस्टाच्या काळापासून ही सोय आहे. साधारण दोन सेकंद वाट बघायची, उत्तर नाही आलं तर चिपला हलवून पुन्हा जागं करायचं. पडदा क्षणभर काळा होऊन परत उजळतो, तो याच कारणाने. म्हणजे काळा पडदा दर वेळी मरणाचा नसतो; कधी कधी तो शुद्धीवर येण्याचाही असतो. मात्र चिपच्या हातात त्या घडीला जे चित्र होतं, ते जाऊ शकतं. मशीन वाचतं, पण सेव्ह न केलेलं काम वाचेलच असं नाही.

पण हलवूनही चिप उठली नाही तर? लिनक्स ही खुली प्रणाली तयार करणाऱ्या जगभरच्या मंडळींनी २०२५ मध्ये या प्रश्नाचं उत्तर रीतसर लिहून ठेवलं. चिप पुरती अडकून बसली, की ड्रायव्हरने तसं जाहीर करायचं आणि सोबत उपायही सांगायचा. उपाय क्रमाने लावलेले आहेत, कमी त्रासाचा आधी. कधी बाहेरून काहीच करावं लागत नाही, फक्त माहिती गोळा करायची. कधी ड्रायव्हर काढून पुन्हा जोडायचा. तेवढ्याने भागलं नाही तर चिपची जोडणीच नव्याने सुरू करून मग ड्रायव्हर बसवायचा. काही बिघाडांत कंपनीने सांगितलेला खास उपाय, उदाहरणार्थ फर्मवेअर पुन्हा भरणं. आणि शेवटी एक शब्द आहे, 'अज्ञात'. उपाय माहीत नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

दुसरी एक सोय आहे. बिघडलेल्या क्षणी चिपच्या आत काय चाललं होतं, याचा पंचनामा काही ड्रायव्हर करून ठेवतात. लिनक्स तो साधारणपणे पाच मिनिटं सांभाळतं. तेवढ्यात कुणी उचलून ठेवला नाही, तर पुसून टाकतं. नोंद झाली एवढ्याने भागत नाही. ती घेणारं कुणीतरी जागं असावं लागतं.

हे आपल्याला नवं आहे का? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवा. कोयनेच्या भूकंपाने १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा गेल्या. धरण फुटलं नाही. भेगा भरल्या गेल्या, मागच्या बाजूने काँक्रीटचे जाड आधार उभे राहिले. पण तितकीच मोठी गोष्ट म्हणजे धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने तो हादरा टिपून ठेवला होता. त्या नोंदीवर जगभरच्या इंजिनिअरांनी अभ्यास केला. आजही धरणं भूकंपात कशी वागतील, हे कॉम्प्युटरवर तपासताना कोयनेचं उदाहरण घेतात. आपल्या दुःखाची नोंद झाली, म्हणून ती दुसऱ्यांच्या कामी आली.

सांगलीकरांना तर पायरीपायरीचं शहाणपण कृष्णेनेच शिकवलंय. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. आकडे लिहिलेले आहेत, म्हणून नदीकाठचा माणूस सामान कधी हलवायचं ते ठरवू शकतो. पहिल्याच फुटाला कुणी गाव सोडत नाही. मग पडदा एकदा थिजला म्हणून लगेच फॉरमॅट कशासाठी?

तेव्हा एवढं करा. विंडोज असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा; ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडद्यावर संदेश आला तर मोबाइलने त्याचा फोटो काढा. तारीख, वेळ आणि तेव्हा काय काम चालू होतं, हे वहीत लिहा. फर्मवेअर भरायची वेळ आलीच, तर विजेचा भरवसा असताना भरा. अर्ध्यात लाइट गेली तर चिप कायमची मुकी होऊ शकते. आणि फॉरमॅटचं नाव निघालं, की आधी विचारा, "माझ्या फायलींची कॉपी घेतली का?"

शेवटचं मागणं तरुणांकडे. लिनक्सच्या या कागदपत्रांचे काही भाग चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये आहेत. मराठीला तिथे दालन नाही. सांगलीचं वालचंद कॉलेज आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींनी एकेक पान जरी सोप्या मराठीत आणलं, तरी तालुक्याच्या गावी दुकान चालवणाऱ्या पोराला फॉरमॅटच्या आधीच्या चार पायऱ्या दिसतील. शब्द अडले तर आम्ही कवी मंडळी आहोतच मदतीला.