मुलग्यांचे वयात येणे : लाज आणि विलंब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आम्हां उभयतां डॉक्टर पतिपत्नींना बोलावून मंडळाने जो मान दिला, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचा विषय वाचून काही मंडळी संकोचली, हे आम्ही जाणतो. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांवर व्याख्याने झाली, तेथे मुलग्यांच्या वृषणांचे विकार व वयात येण्यातील बिघाड हा विषय कशासाठी? उत्तरादाखल एक हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मराठी कुटुंबातील १४ वर्षांच्या मुलाला दुपारी आमच्याकडे आणण्यात आले. आदल्या रात्री अकराच्या सुमारास डाव्या वृषणात कळ येऊन तो जागा झाला होता. वांतीही झाली होती. आईला त्याने ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगितले. त्या माउलीने ओवा दिला, पोट शेकले आणि उशाशी रात्र काढली. खरे दुखणे कळले तेव्हा चौदा तास उलटून गेले होते. तातडीने शस्त्रक्रिया झाली. परंतु वृषण निकामी झाल्याने काढावे लागले. पुढे आम्ही त्याला विचारले, ‘अरे, रात्रीच का नाही सांगितलेस?’ तो म्हणाला, ‘आईला काय म्हणून सांगू? त्याला आपल्यात काय म्हणतात, तेच मला माहीत नाही.’

श्रोतेहो, त्या मुलाला दुखणे होते, पण ते सांगायला शब्द नव्हता. आपली मुले शाळेत एक भाषा बोलतात, गल्लीत दुसरी आणि घरी मराठी. या अवयवाचे नाव त्यांना गल्लीत शिवीच्या रूपाने कळते. घरात ते कोणी उच्चारीत नाही. गावी आजोबा, काका, थोरले चुलतभाऊ असतात. कोणी तरी कधी तरी हटकते. येथे चौकोनी कुटुंबात आईला वाटते वडील सांगतील, वडिलांना वाटते आईच्या लक्षात येईल, आणि मुलगा दुखणे अंगावर काढतो.

या मुलास जे झाले त्यास वृषणाला पीळ पडणे म्हणतात. वृषण ज्या दोरीसारख्या शिरेने लोंबकळते, तीतूनच त्याला रक्त मिळते. ती स्वतःभोवती फिरली की रक्त थांबते. अर्भकावस्थेत आणि विशेषतः १२ ते १८ या वयात हे घडते. बहुधा झोपेत किंवा खेळताना, कधी काहीही कारण नसताना. सुमारे सहा तासांच्या आत पीळ सोडविला तर वृषण बहुतेक वेळा वाचते. पुढे प्रत्येक तासागणिक आशा मावळते. म्हणून शेक, तेल, गोळी यांत वेळ न दवडता, रात्रीचे दोन वाजले असले तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मुलगा ‘ओटीपोटात दुखते’ म्हणाला तरी तेथेही पाहावे. त्या मुलाचे दुसरे वृषण त्याच वेळी टाके घालून स्थिर केले. एक निरोगी वृषण पुरुषत्वास व पितृत्वास सामान्यतः पुरेसे असते. त्याला आम्ही हेच समजावले.

आता थोडे मागे, पाळण्यापर्यंत जाऊ. गर्भात वृषणे पोटात तयार होतात व शेवटच्या तीन महिन्यांत जांघेतून खाली पिशवीत उतरतात. कारण त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड जागा मानवते. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत दोन ते चार जणांचे, आणि अपुऱ्या दिवसांच्यांत पुष्कळच अधिक जणांचे, एखादे वृषण जन्मतः उतरलेले नसते. बरीचशी पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात; सहा महिन्यांनंतर ती आशा फारशी धरू नये. पूर्वी ‘मोठा होईल तसे उतरेल’ म्हणून पाच-सहा वर्षे थांबत. आज सहा महिन्यांनंतर, शक्यतो वर्षाच्या आत आणि फार तर दीड वर्षापर्यंत शस्त्रक्रिया करावी, असे शास्त्र सांगते. उशीर झाल्यास प्रजननशक्तीची हानी होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. नवजात बाळाची दोन्ही वृषणे हाती लागत नसतील, तर मात्र एक दिवसही थांबू नये. त्यामागे संप्रेरकांचा गंभीर दोष असू शकतो.

हे पाहावे कधी? आपल्या आज्या बाळाला तेल लावून, कढत पाण्याने न्हाऊ घालीत, तोच क्षण! थंडीने किंवा भीतीने वर सरकणारी वृषणे उबेने खाली येतात. न्हाणीत दोन्ही दिसली तर चिंता नको. एकदाही दिसली नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि आता वयात येणे. मिसरूड फुटले की मुलगा वयात आला, असे आपण समजतो. वास्तविक मिसरूड बरेच मागाहून येते. पहिली खूण म्हणजे वृषणे वाढू लागणे. झुरिकचे डॉक्टर आन्द्रेआ प्राडर यांनी १९६६ साली त्याच्या मापनासाठी बारा मण्यांची माळ प्रसिद्ध केली. लहान मणी एक मिलिलिटरचा, मोठा पंचवीसचा. चार मिलिलिटरच्या मण्याएवढे वृषण झाले की यौवनारंभ झाला. हे ९ ते १४ या वयात केव्हाही घडू शकते. नऊच्या आधी घडल्यास तपासणी अवश्य करावी; मुलग्यांत त्यामागे मेंदूतील वा ग्रंथीतील कारण असण्याचा संभव मुलींपेक्षा अधिक असतो.

चौदा पूर्ण होऊनही काहीच चिन्ह नसेल, तर आधी गावी पत्र लिहून किंवा फोन करून वडिलांच्या व मामांच्या वाढीची चौकशी करावी. ‘तुझे बाबाही उशिराच उंच झाले’ असे आजीने सांगितले, तर बहुधा तो घराण्याचाच उशीर असतो; तरीही एकदा तपासून घ्यावे. दीर्घ आजार व कुपोषण हीही कारणे असतात. उशिराबरोबर मुलाला वासच येत नसेल, तर ते आवर्जून सांगावे. मेंदूकडून मिळणारी संप्रेरकांची आज्ञाच कमी असल्याची ती खूण असू शकते. मुलगा उंच वाढला, पण वृषणे लहान व घट्ट राहिली, तर गुणसूत्रांची तपासणी करावी लागते. १९४२ साली बोस्टनच्या डॉ. क्लाइनफेल्टर यांनी वर्णिलेला हा विकार सुमारे सहाशे मुलग्यांत एकाला असतो. पुष्कळांना तो विवाहानंतर मूल होत नाही तेव्हाच कळतो. मुलाची छाती थोडी फुगणे मात्र या वयात सर्रास आढळते व बहुधा आपोआप ओसरते. त्यावरून त्याची थट्टा होऊ देऊ नये.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे या मंडळाने परक्या मुलखात आपली भाषा जपली. त्या भाषेत या अवयवालाही जागा द्या. वृषण म्हणा, गोट्या म्हणा, घरात रुळेल तो शब्द वापरा, पण दहाव्या वाढदिवसाच्या आत मुलाला एवढे वाक्य शिकवा : ‘तिथे दुखले, तर मला लगेच उठव, मी रागावणार नाही.’ त्या रात्री त्या मुलाजवळ हे वाक्य असते, तर त्याची आई उशाशी बसून राहिली नसती.