भांडकुदळ साहेब आणि मुंबईचे सोळा महिने

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कळवा ओलांडताना लोकलच्या दारातून किंवा खिडकीतून ठाण्याची खाडी आपण रोज पाहतो, म्हणजे तिच्याकडे ओझरती नजर टाकतो. सव्वातीनशे वर्षांपूर्वी मुंबईचे पोट या खाडीवर अवलंबून होते, असे सांगितले तर आज खरे वाटणार नाही. मुंबई बेटावर नारळ भरपूर, मासळी भरपूर. पण भात पुरेसे पिकत नसे आणि सरपणही बाहेरून आणावे लागे. धान्य, लाकूड आणि घाटावरचा माल कल्याण-भिवंडीच्या बाजूने होड्यांतून खाली येई आणि ठाण्याला पोर्तुगीजांच्या नाक्यावर अडे. दुसरी वाट उरणजवळच्या करंजाची, तिथेही पोर्तुगीजच. दोन्ही ठिकाणी जकात. इंग्लंडच्या राजाला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई मिळाली ती १६६१ च्या तहाने, आणि राजाने ती कंपनीला दिली १६६८ मध्ये, वर्षाला दहा पौंड भाड्याने. बेट मिळाले, पण त्याच्या किल्ल्या ठाण्याला राहिल्या.

एवढ्याशा जागेत, चहूबाजूंनी दुसऱ्यांच्या मेहेरबानीवर जगणाऱ्या वसाहतीचा कारभारी कसा असावा? आपण म्हणू, गोडबोल्या असावा. शिवाजीराजे, सिद्दी, मोगल, पोर्तुगीज, सगळ्यांशी थोडे थोडे जुळवून घेणारा. कंपनीने नेमला तो सर जॉन चाइल्ड. या गृहस्थाचे कुणाशी भांडण झाले नाही, अशी माणसे शोधायची म्हटले तर यादी फार छोटी होईल.

चाइल्डची सुरुवात आपल्या कोकणातच झाली. लहान वयात त्याला राजापूरच्या वखारीत असलेल्या मामाकडे का काकाकडे पाठवले होते. इंग्रजीत दोघांना एकच शब्द, त्यामुळे नाते नक्की कोणते ते आपल्याला कळत नाही! सांगतात ते असे की, अठराव्या वर्षी या मुलाने त्याच नातेवाइकाची अफरातफर वरिष्ठांना कळवली, त्याची नोकरी गेली आणि पुढे ती जागा भाच्याला, किंवा पुतण्याला, मिळाली. गोष्ट अगदी अशीच घडली असेल की नाही, त्याबद्दल मी शपथ घेणार नाही. पण लोकांना ती खरी वाटली, यातच पुष्कळ आले.

पुढे त्याने लग्न केले ते सुझॅना शॅक्स्टनशी. तिचे वडील कॅप्टन जॉन शॅक्स्टन हे एकेकाळी मुंबईचे डेप्युटी गव्हर्नर होते आणि १६७४ च्या शिपायांच्या बंडाला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून अडचणीत आले होते. सासरा असा. आता मेव्हणा पाहा. १६८२ मध्ये चाइल्ड सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष झाला. मुंबई तेव्हा सुरतेच्या हाताखाली होती आणि मुंबईचा कारभार होता त्याचा मेव्हणा चार्ल्स वॉर्ड याच्याकडे. वरून लंडनहून हुकूम येत होते की खर्च कमी करा. खर्च कमी करायचा म्हणजे पहिला हात कुणावर पडतो हे आपल्याला ठाऊक आहे. शिपायांचे पगार कापले गेले, अधिकाऱ्यांच्या सवलती गेल्या. २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केग्विनने वॉर्डला अटक केली आणि जाहीर केले की, मुंबई यापुढे कंपनीची नाही, आम्ही ती थेट राजाच्या नावाने चालवणार.

हे बंड जवळजवळ अकरा महिने टिकले. त्यात आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, केग्विनने आपला वकील रायगडला पाठवून १६८४ मध्ये संभाजीराजांशी करार केला. चाइल्डला जे जमले नाही, किंवा करावेसे वाटले नाही, ते या बंडखोराने काही महिन्यांत करून दाखवले. शेजाऱ्याशी नीट बोलला, व्यापाराच्या सवलती मिळवल्या. चाइल्ड स्वतः जहाजे घेऊन मुंबईला समझोता करायला आला होता, पण बंडवाल्यांनी त्याला दाद दिली नाही. शेवटी राजाच्या हुकमाने सर थॉमस ग्रँथम आला आणि नोव्हेंबर १६८४ मध्ये केग्विनने माफीच्या अटीवर बेट सोडले. केग्विन पुढे १६९० मध्ये वेस्ट इंडीजमध्ये लढताना मारला गेला. चाइल्ड मात्र १६८५ मध्ये सरदारकी मिळवून ‘सर’ झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लंडनमध्ये कंपनीची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्याचेही नाव चाइल्ड, सर जोसाया चाइल्ड. दोघे भाऊ होते असे जुन्या पुस्तकांत छापलेले आढळते; ते चुकीचे, त्यांचे नाते नव्हते. पण स्वभाव जुळले. जोसायाचे म्हणणे, व्यापार नुसत्या तराजूने होत नाही, हिंदुस्थानात कंपनीने धाक बसवला पाहिजे. बंगालमध्ये १६८६ मध्येच मोगलांशी तंटा सुरू झाला होता. पश्चिमेला हे काम जॉनकडे आले. सुरत सोडून मुख्य ठाणे मुंबईला न्यायचे, असे ठरले आणि १६८७ मध्ये तो मुंबईत येऊन राहिला. आता त्याला ‘जनरल’ म्हणत. हाती सगळी सत्ता होती. न्याय देण्यासाठी लंडनहून पाठवलेले डॉ. सेंट जॉन यांच्याशीही त्याचे फाटले, आणि न्यायाधीशाला जावे लागले.

सुरतेच्या सावकारांचे कंपनीवर मोठे कर्ज होते. चाइल्डने आधी तक्रारींची लांबलचक यादी मोगल अधिकाऱ्यांपुढे टाकली, आणि १६८८ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांची, मोगल प्रजेची जहाजे समुद्रावर पकडायला सुरुवात केली. त्याच्या विरोधकांचे म्हणणे असे की, हे भांडणच कर्ज बुडवण्यासाठी उकरून काढले होते. सुरतेचा सुभेदार मुख्तारखान याने उत्तर म्हणून वखारीतल्या हॅरिस आणि ॲन्स्ले या इंग्रजांना कैदेत टाकले. इतके झाल्यावर तरी माणूस थांबेल. चाइल्ड मुंबईकडे परतताना त्याला दंडा-राजपुरीकडे, म्हणजे जंजिऱ्याच्या बाजूला, सिद्दीच्या फौजेसाठी निघालेला धान्याच्या होड्यांचा ताफा दिसला. त्याने तो पकडला.

सोबतच्या एका कप्तानाने सावध केले होते म्हणतात, की धान्य अडवले तर सिद्दी अन्न शोधत मुंबईवर येईल. त्यावर जनरलसाहेबांनी दिलेले उत्तर हॅमिल्टनने लिहून ठेवले आहे. पण ते रेडिओवर सांगण्यासारखे नाही. एवढेच सांगतो की, सिद्दी आलाच तर आपण त्याला तोफेशिवाय, केवळ शरीरधर्माच्या जोरावर उडवून लावू, असा त्याचा आशय होता.

सिद्दी याकूतखान आला. फेब्रुवारी १६८९ मध्ये, रात्रीच्या वेळी, शिवडीला. मुंबईचे किनारे त्याला काही नवीन नव्हते. त्याचे आरमार वर्षानुवर्षे पावसाळ्यात माझगावला विसावत असे, इंग्रजांनीच ते चालू दिले होते. खंदेरीसमोरच्या उंदेरीवर १६८० मध्ये ठाण मांडले ते यानेच. शिवडीचा किल्ला सोडून इंग्रज पळाले, मग माझगाव गेले, माहीम गेले. डोंगरीच्या टेकडीवरून तोफा सुरू झाल्या आणि इंग्रज दक्षिणेकडच्या आपल्या किल्ल्यात कोंडले गेले. हॅमिल्टन सिद्दीचे सैन्य वीस हजारांच्या वर सांगतो. या आकड्यातली थोडी हवा काढून टाकली, तरी बेटाच्या मानाने ते पुष्कळच होते.

महाराष्ट्रात त्याच महिन्यात काय चालले होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले आणि ११ मार्चला औरंगजेबाने त्यांना मारले. रायगड पडला त्याच वर्षी. कल्याणही याच सुमारास मोगल सरदार मातबरखानाच्या हाती गेले. शिवाजीराजांनी १६५७ मध्ये घेतलेले आणि १६७४ च्या तहात जिथे इंग्रजांना वखारीची परवानगी मिळाली होती, ते कल्याण. ज्या मुलखातून मुंबईला दाणा यायचा तो मुलूखच होरपळत होता, आणि अशा वेळी चाइल्डने दाण्यावरून भांडण काढले होते. या माणसाच्या हिशेबात मला सर्वांत मोठी चूक दिसते ती ही. धाक बसवण्याची भाषा चुकीची की बरोबर हा वाद बाजूला ठेवू. पण आपले दाणे कुठून येतात, ही साधी गोष्ट व्यापाऱ्याला कळू नये?

आणि मग गंमत पाहा. ज्या मराठ्यांशी केग्विनने केलेला करार चाइल्डच्या लोकांना डोळ्यांत खुपत होता, त्याच मराठ्यांची मदत घ्यावी लागली. सुमारे तीन हजार मराठे मुंबईच्या बचावासाठी पगारावर आले, असे हॅमिल्टन नोंदवतो. राजा गेलेला, राजधानी जाण्याच्या बेतात, अशा वर्षात ही माणसे मुंबईच्या तटावर कशी पोचली असतील, घरी काय सांगून निघाली असतील, हे कागदांत कुठे नाही. हॅमिल्टनला त्यांची आठवण राहिली ती एवढ्यासाठी की, तीन हजार तोंडे वाढल्यामुळे पावसाळ्यात किल्ल्यात धान्याची टंचाई झाली! बेटावरचे कोळी, भंडारी, कुणबी यांची घरे मात्र तटाच्या बाहेर होती. माझगाव-माहीमच्या वाड्या, माड, शेते सगळी सिद्दीच्या ताब्यात. त्यांच्या नुकसानीची यादी कुणी केली नाही.

आता या हॅमिल्टनबद्दल. अलेक्झांडर हॅमिल्टन हा स्कॉटिश खलाशी-व्यापारी १६८८ च्या सुमारास मुंबईत आला आणि वेढ्यात सापडला. मोगलांच्या होड्या लुटण्याच्या कामावर त्यालाही जुंपले होते. १७२७ मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापले गेले आणि चाइल्डचे जे चित्र आज आपल्यासमोर आहे, त्यातले बरेचसे रंग या पुस्तकातून आलेले आहेत. हा हॅमिल्टनही काही साधुसंत नव्हता. खासगी व्यापार करणारा, कंपनीच्या मक्तेदारीवर दात असलेला, जिभेचा तिखट. एका भांडकुदळ व्यापाऱ्याचे चरित्र दुसऱ्या भांडकुदळ व्यापाऱ्याने लिहिले आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे. म्हणून मी त्याच्या गोष्टी ‘सांगतात’ म्हणून सांगितल्या. पण जहाजे पकडली, सिद्दी आला, दंड भरला, यासाठी हॅमिल्टनची गरज नाही.

दंडाची हकिकत अशी. वर्ष संपताना जॉर्ज वेल्डन आणि अब्राहम नवारो हे दोन वकील औरंगजेबाकडे माफी मागायला गेले. हात बांधलेल्या अवस्थेत त्यांना बादशहापुढे उभे केले होते असे म्हणतात. बादशहा व्यवहारी होता. इंग्रजांच्या आरमाराचा आणि हाज यात्रेच्या वाटेचा संबंध त्याला कळत होता. १६९० मध्ये फर्मान मिळाले. दीड लाख रुपये दंड, लुटलेल्या मालाची भरपाई, आणि जॉन चाइल्डला देशाबाहेर काढायचे.

ही शेवटची अट कंपनीला पाळावी लागलीच नाही. ४ फेब्रुवारी १६९० रोजी चाइल्ड मुंबईत वारला. काही पुस्तकांत १६८९ छापलेले दिसेल. इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे, त्याचा हा घोळ. त्याच्याभोवती वेढा तसाच होता. सिद्दी हलला तो जूनमध्ये, तोही माझगावचा किल्ला जाळून. मागे रोगराई राहिली. पूर्वी सात-आठशे इंग्रज होते तिथे साठच उरले, असे हॅमिल्टन लिहितो. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस मुंबईला उतरलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्यालाही इथे मृत्यूची इतकी सवय झालेली दिसली की, दोन पावसाळे म्हणजे माणसाचे सारे आयुष्य, असे बोलले जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

सिद्दीला आतून मदत केल्याचा ठपका इंग्रजांनी वांद्र्याच्या जेसुइट पाद्र्यांवर ठेवला आणि मुंबई बेटावरच्या त्यांच्या जमिनी जप्त केल्या. परळचे त्यांचे मठ-मंदिर पुढे गव्हर्नरचा बंगला झाले.

ठाण्याचा नाका मात्र होता तसाच राहिला. होड्या येत होत्या, पोर्तुगीज जकात घेत होते, इंग्रज कुरकुरत होते. १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांनी घेतले, तेव्हा नाक्यावरचा मालक बदलला. इंग्रजांच्या हाती ठाण्याचा किल्ला पडला तो डिसेंबर १७७४ च्या अखेरीस, चाइल्डला जाऊन चौऱ्याऐंशी वर्षे झाल्यावर. त्याच किल्ल्यात पुढे तुरुंग झाला.