पत्र्याचं घर आणि फीची तारीख

मागून जो तडतड आवाज येतोय ना, तो तुमच्या इअरफोनचा दोष नाही. हिवरा आश्रमला आमच्या घरावर पत्रे आहेत आणि बाहेर पाऊस सुरू आहे. आजचा विषय या पत्र्यांचाच आहे, म्हणून म्हटलं राहू द्या आवाज.

मिनिमलिझम म्हटलं की रील्समध्ये काय दिसतं? पांढऱ्या भिंती, एक कुंडी आणि आठ शर्टांवर वर्ष काढणारा कुणीतरी. आमच्याकडे असं घर दिसलं तर लोक विचारतील, सामान विकलं का बाप्पा? कमी वस्तूंत राहणं आमच्यासाठी निवड नव्हतीच कधी. आमचा प्रश्न एवढाच, की हातात थोडे पैसे आले तर ते आधी कुठे जाणार.

2024 ची दिवाळी झाली तेव्हाची गोष्ट. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आमच्या हातात चार हजारांच्या आसपास पडले. त्यात माझे संभाजीनगरच्या नोकरीतून साठवलेले पैसे. अप्पांनी ठरवलंच होतं, यंदा स्लॅब टाकायचा. कारण माझं लग्न. पोरीकडचे आधी छत पाहतात, मग पोरगा. आणि त्याच आठवड्यात धाकटीचा नर्सिंगला नंबर लागला. फी भरायला आठ दिवस.

खरं सांगू? मी स्लॅबच्या बाजूने होतो. तिला म्हणालो, पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भर. ती काही बोलली नाही, उठून भांडी घासायला गेली. ते मला अजून टोचतं.

आजी बोलली. "काहून रे, पत्र्याखाली झोप येत नाही का तुले?" आणि मग तिने आश्रमाच्या पंगतीचं काढलं. आमच्याकडचे लोक समजतील. बाकीच्यांसाठी सांगतो: शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमात दरवर्षी विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो, तिथीप्रमाणे, पौषात. शेवटी महाप्रसाद. मोकळ्या शेतात लाखो माणसं रांगांनी बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून वाढतात. काय वाढतात? पुरी आणि वांग्याची भाजी. झालं. आजीचं म्हणणं, यात जिलबी घाला, मठ्ठा घाला, दोन भाज्या घाला, मग पाहा किती पंगती उठतात ते. दोनच वस्तू आहेत म्हणून सगळ्यांना पुरतं.

मी लहानपणापासून त्या पंगतीत बसतोय. असा विचार कधी केला नव्हता.

रात्री मी वही काढली. प्रत्येक खर्चापुढे एकच गोष्ट लिहायची: हे एक वर्ष थांबलं तर काय होईल? आजीच्या शुगरच्या गोळ्या थांबल्या तर ती आजारी पडणार. बियाणं थांबलं तर पेरणी गेली. फी थांबली तर सीट गेली, ती दुसऱ्या कुणाची. स्लॅब थांबला तर... अप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "लोक बोलतील." आईने विचारलं, "आणि?" पुढे लिहायला काहीच नव्हतं.

माझ्या नव्या मोबाईलचा हप्ता पण त्या वहीत आला. तिथे मीच गप्प झालो.

यात आमची काही नवी अक्कल नाही. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म 1876. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. ते गावोगाव हेच सांगत फिरले, की जेवायचं ताट मोडा, बायकोला हलकं लुगडं घ्या, पण पोरांना शिकवा आणि सणाला कर्ज काढू नका. (लुगड्याचा हिशोब घरातल्या बाईला विचारूनच करावा, असं माझं मत.) त्याच माणसाने पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःसाठी गाडगं, शिक्षणासाठी अख्खी इमारत. मिनिमलिझम म्हणतात तो मला यात दिसतो.

फी भरली. आता कुणी म्हणेल, वा, सगळं छान झालं. तसं नाही. त्या उन्हाळ्यात एक स्थळ आलं होतं. चहा झाला, पोहे झाले, पाहुण्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं आणि नंतर फोनच आला नाही. अप्पा दोन दिवस पारावर गेले नाहीत. मलाही वाईट वाटलं, का वाटू नये? मुलगी मला आवडली होती.

धाकटी आता दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सुट्टीत आली तेव्हा आजीची शुगर तिनेच तपासली. आजी बोट पुढे करून बसली होती आणि शेजारच्या दोन बायकांना मुद्दाम बोलावून आणलं होतं.

वही अजून आहे. यंदा स्लॅबच्या ओळीपुढे धाकटीनेच लिहिलंय, "माझा पहिला पगार". अप्पांनी ते खोडलं, तिने पुन्हा लिहिलं.

पाऊस वाढला मंडळी, आता मलाच माझं ऐकू येत नाही. थांबतो इथेच.