उजवा काठ
(शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



दोन वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर मी एकटी कुठे गेलेच नव्हते. नकाशा बघायचं काम कायम यांचं. गेल्या ऑक्टोबरात मात्र धीर केला आणि भूतानला, थिंफूला गेले.

वांगछू नदीच्या दरीत लांबट वसलेली ही छोटीशी राजधानी. सिग्नल एकही नाही. चौकात पोलीस हातवारे करून गाड्या सोडतो. शेतकरी बाजार बघता बघता मी पूल ओलांडला, गल्ल्यांत शिरले आणि चुकले. मोबाइल बंद पडलेला. डोळ्यांत पाणीच आलं.

तेव्हा आठवल्या आपल्या भूगोलाच्या बाई. "वाट चुकलात तर नदी गाठा. पाणी जातं तिकडे तोंड करा. उजव्या हाताला तो उजवा काठ." चाचणीत मी हे दोनदा चुकवलं, तेव्हा बाईंनी मला शाळेमागच्या ओढ्यावर नेऊन उभं केलं होतं!

विचारत विचारत नदीपाशी आले. पाणी दक्षिणेला चाललेलं. दूर डोंगरावर ५० मीटरहून उंच सोनेरी बुद्धमूर्ती. गाव उजव्या काठावर, म्हणजे माझ्या उजव्या हाताला. पूल ओलांडला, चढ चढले, घंटाघर दिसलं. हॉटेल त्याच्या मागेच होतं.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते: तेव्हा गेलेला तो गुण मला आता मिळाला. पुढच्या वर्षी लडाखला चाललेय. एकटीच.