अंगाने मोठे, वयाने लहान



आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा ‘अकाली वयात येणारी मुले’ हा विषय आम्ही मागून घेतला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांनाही नवल वाटले. “बोनसवर बोला, किमान वेतनावर बोला, हे डॉक्टरांचे काम तुम्हांला कशाला?” असे एका स्नेह्यांनी विचारलेही. त्यांना द्यायचे उत्तर म्हणजेच आजचे हे भाषण.

आरंभ आमच्या माहितीच्या गोष्टीपासून करतो. 1833 साली इंग्लंडात कायदा झाला की, कापडगिरणीत नऊ वर्षांखालील मूल कामाला लावू नये. परंतु जन्माची सरकारी नोंद तेव्हा नव्हती. मग वय ठरवायचे कसे? डॉक्टराने मुलाकडे पाहायचे आणि ‘अंगकाठी नऊ वर्षांची दिसते’ असा दाखला द्यायचा. म्हणजे थोराड अंगाचे मूल वयाआधीच यंत्रापुढे उभे राही. आपल्याकडे 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा आला, त्यात सात वर्षे पुरी झालेल्या मुलाला दिवसाचे नऊ तास राबवण्याची मुभा होती. अंग पाहून वय ठरवू नका, वय पाहून काम ठरवा, हे आम्ही सोलापुरात यंत्रमागाच्या आणि विडीच्या कामगारांना तीस वर्षे सांगत आलो. आणि आमच्याच घरात आम्ही नेमके उलटे वागलो.

2013 सालची गोष्ट. आमची धाकटी मुलगी दुसरीत होती. आठ वर्षे पुरी व्हायला चार महिने होते. वर्षात तिचे फ्रॉक दोनदा तोकडे झाले. आम्ही कौतुकाने दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करीत होतो. छातीला उभार येऊ लागला, हे तिच्या आईच्या ध्यानात आले; परंतु दोन महिने तिने ते आमच्यापाशी काढले नाही. “तुम्हांला कसं सांगू?” एवढेच ती पुढे म्हणाली. आजीने मुलीचे गल्लीतले खेळणे बंद केले. एके दिवशी तिच्या हातून पाण्याची कळशी निसटली आणि ती रडू लागली. आम्ही खेकसलो, “एवढी मोठी झालीस, रडतेस काय?” त्या रात्री तिने आईला विचारले, “आई, मी काय केलं? मला मोठं नाही व्हायचं.”

मंडळी, मालकांचे पुष्कळ प्रश्न आम्ही परतवले आहेत. त्या एका प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितले, “उष्णता वाढली आहे, गूळ आणि अंडी बंद करा.” त्यात आमचे काही महिने गेले. मग मोठ्या रुग्णालयात मुलांच्या ग्रंथिरोगांचे डॉक्टर भेटले. त्यांनी तिच्या डाव्या हाताचा क्ष-किरण फोटो काढला. हाताची हाडे पाहून शरीर किती पुढे गेले आहे ते कळते. वय आठ, परंतु हाडे साडेदहा वर्षांची!

आता यात घडते काय, ते आम्हांला जसे समजले तसे सांगतो. मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग आहे. तेथून इशारा निघतो, तो पिट्युटरी ग्रंथीला पोचतो आणि तिच्याकडून बीजकोशांना अगर वृषणांना. हा भोंगा लहानपणी बंद असतो. मुलींत साधारण आठ ते तेरा आणि मुलग्यांत नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान तो वाजतो. मुलीत आठच्या आत आणि मुलग्यात नऊच्या आत बदल दिसू लागले, तर ते अकाली समजावे व डॉक्टरांना दाखवावे. मुलींच्या बाबतीत बहुधा काही रोग निघत नाही. मुलग्यांत मात्र आत काही कारण दडलेले असण्याचा संभव अधिक, म्हणून तेथे चालढकल नको. डोके दुखणे, दृष्टी मंदावणे अशी लक्षणे असतील, तर मुलगा असो की मुलगी, त्याच दिवशी निघावे.

सिनेमा पाहून मूल वयात येत नाही. कोणाच्या घराण्यातच हे असते, कोठे अंगावरच्या चरबीचा संबंध आढळतो. परंतु मुलाचा यात काडीचाही अपराध नसतो.

यातली मोठी गफलत उंचीची. असे मूल आधी वर्गात सर्वांत उंच दिसते आणि आईबाप सुखावतात. परंतु हाडांच्या टोकांशी जी वाढीची कूर्चा असते, ती लवकर भरून येते आणि वाढ थांबते. आज सर्वांत मागच्या बाकावर बसणारे मूल पुढे सर्वांत ठेंगणे राहू शकते. तो भोंगा काही काळ बंद ठेवणारी इंजेक्शने 1980 नंतरच्या दशकात वापरात आली. सर्वच मुलांना ती लागतात असे नाही. कित्येकांची प्रगती संथ असते आणि नुसती देखरेख पुरते. आमच्या मुलीला लागली. दर महिन्याला एक, अशी अडीच वर्षे. प्रत्येक इंजेक्शनाला मिळकतीचा मोठा हिस्सा जाई. युनियनमधल्या मित्रांनी हात दिला, म्हणूनच ते निभावले. औषध थांबल्यावर शरीराने आपली वाट पुन्हा धरली, आणि बाराव्या वर्षी, इतर मुलींसारखी, तिला पाळी आली.

परंतु औषध अंगाला मिळाले; मनाचे काय? तेथे डॉक्टर कमी आणि आईबाप अधिक लागतात. आम्ही जे चुकतमाकत शिकलो, ते सांगतो.

मुलाला साध्या शब्दांत सांगावे. आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले, “सगळ्यांचं अंग मोठं होतं. तुझं घड्याळ जरा पुढे आहे, एवढंच.” त्या रात्री मुलगी निवांत झोपली. बाईंना शाळेत जाऊन सांगावे. अचानक पाळी आली तर मुलीने कोणाकडे जावे, हे आधी ठरलेले असावे. खेळ बंद करू नये. तिची बुद्धी, तिचे रुसणे आणि तिची बाहुली आठ वर्षांचीच असते. मुलग्याला मिसरूड फुटली, आवाज फुटला, म्हणून त्याच्या डोक्यावर पोती देऊ नयेत आणि त्याची थट्टाही करू नये. तोही घाबरलेला असतो. फक्त बोलत नाही.

आणि एक कठीण गोष्ट. अशा मुलीकडे वाईट नजरेने पाहणारे असतात. तिला सांगावे की, नको असलेला स्पर्श झाला तर ओरड आणि आम्हांला सांग. दोष तुझा नव्हे, त्याचा. तिला घरात कोंडणे म्हणजे चोराला सोडून घरधन्याला कैद करणे होय.

आपल्या समाजाने हा धडा महागात घेतला आहे. पूर्वी न्हाण आले की मुलीला मखरात बसवीत आणि ती संसारास योग्य झाली असे समजत. 1891 साली संमतीचे वय दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला, तेव्हा पुण्यामुंबईत केवढा गदारोळ उठला! विरोधकांचे म्हणणे हेच की, वय मोजू नका, ऋतू पाहा. 1929 च्या सारडा कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय चौदा केले, आणि 2012 च्या बालसंरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालकच आहे, मग अंग कसेही असो. कायद्याला हे कळायला सव्वाशे वर्षे लागली. आजीला आणि आम्हांला कळायला एक कळशी सांडावी लागली.

आज मुलगी महाविद्यालयात आहे. हे भाषण तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीनेच आम्ही येथे उभे आहोत. ती म्हणाली, “बाबा, कळशीचं सांगा. लोकांना तेवढंच लक्षात राहील.”

म्हणून सांगितले. घरी जाल तेव्हा आपल्या मुलाच्या उंचीची खूण जरूर करा. परंतु तिच्याशेजारी त्याचे वयही लिहा, आणि बोलताना त्या आकड्याशी बोला.